शून्य येईपर्यंत थांबणं

मी जी उपकरणं सांभाळते ती कुठेच नाहीत. म्हणजे त्यांना हात लावता येत नाही, ती कपाटात ठेवता येत नाहीत आणि बिघडली तर पिशवीत घालून दुरुस्तीला नेता येत नाहीत. माझ्या सासूबाई मूळच्या धुळ्याच्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "दिनभर तू त्या कॉम्प्युटरम्होरे काय करी राहिनी?" मी अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जे नहीच शे, तेले काय संभाळनं?" जे नाहीच आहे, ते काय सांभाळायचं! एवढा नेमका प्रश्न मला नोकरीच्या मुलाखतीतही कोणी विचारला नव्हता.

तर सांगते. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात हल्ली अनेक खोटे कॉम्प्युटर राहतात. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र आहोत, आपल्याला आपली डिस्क आहे, आपलं नेटवर्कचं कार्ड आहे. ते कार्ड नसतंच. मोठा कॉम्प्युटर त्याचं सोंग घेऊन उभा असतो. या सोंगाशी बोलायला आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला एक ड्रायव्हर लागतो, आणि तसले ड्रायव्हर लिहिणं हे माझं काम. ड्रायव्हर मेमरीतली थोडी जागा बाजूला काढतो आणि त्या व्हर्च्युअल कार्डाला सांगतो, जे येईल ते इथे आणून ठेव. कार्ड ठेवत राहतं. तुम्ही अजून आहात की गेलात, हे ते कधी विचारत नाही.

ड्रायव्हर बसवणं सोपं असतं. काढणं अवघड. आमच्याकडे एक ड्रायव्हर होता, तो काढला जाताना आधी आपली मेमरी परत करायचा आणि मग कार्डाला रीसेट करायचा. दोन ओळी फक्त खालीवर झालेल्या. पण त्या दोन ओळींच्या मधल्या क्षणात कार्ड जुन्या पत्त्यावर सामान टाकतच राहायचं, आणि तो पत्ता तोवर दुसऱ्याच कोणाला दिलेला असायचा. गंमत म्हणजे यंत्र त्या जागी बंद पडायचं नाही. तासा-दोन तासांनी, ज्याचा काही संबंध नाही अशा ठिकाणी पडायचं, आणि शिव्या तिसऱ्याच माणसाला बसायच्या.

मला तो दोष शोधायला तीन आठवडे लागले. दुरुस्ती साधी होती. आधी उपकरण रीसेट करायचं. मग त्याची स्थिती वाचायची, शून्य आलं का ते बघायचं. नसेल आलं तर जरा थांबून पुन्हा वाचायची. शून्य आलं म्हणजे ते खरंच गप्प झालं. मग मागे राहिलेली कामं रद्द करायची, रांगा मोडायच्या आणि सगळ्यात शेवटी जागा परत द्यायची. मीटिंगमध्ये एक जण म्हणाला, "उपकरण व्हर्च्युअल आहे, एवढं काय बिघडणार आहे?" माझा पारा चढला. मी म्हणाले, "उपकरण खोटं आहे, पण ते जिथे लिहितं ती मेमरी खरी आहे." माझ्या चिडण्याची त्या लोकांना सवय आहे.

याला एक उलटी बाजूही आहे. उपकरण आधीच कोणी उपटून नेलेलं असलं, तर त्याच्याकडून शून्य कधीच येत नाही. ड्रायव्हर वाट बघत तिथेच अडकून बसतो आणि त्याच्यामागे सगळं खोळंबतं. म्हणून थांबण्याला मर्यादा घालावी लागते. ती मर्यादेची ओळ मी नाना गेल्यावर महिन्याभरात लिहिली. लिहिताना मला काही वाटलं नव्हतं.

नाना म्हणजे माझे वडील. सावद्याला आमची केळी. आई आधीच गेली होती, मी एकुलती, आणि नाना त्या घरात एकटे पण अगदी मजेत राहायचे. विहिरीवरच्या मोटरीला त्यांनी मोबाईलचा स्टार्टर बसवून घेतला होता. त्या पेटीत सिमकार्ड असतं. शेतीची लाईट कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून लाईट आली की पेटीच फोन लावते. आतून एक रेकॉर्ड केलेली बाई सांगते की वीज आली आहे, मोटर चालू करायची असेल तर एक दाबा. नाना ओट्यावर चहा पीत एक दाबायचे आणि दोन किलोमीटरवर शेतात पाणी सुरू व्हायचं. पेटी आल्यापासून आमच्या शिवारात कोणी मेन स्विचकडे फिरकतही नाही. मोटर बंद ठेवायची म्हणजे बाईला काही सांगायचं नाही, एवढीच आमची पद्धत.

नाना तिला नुसतं "बाई" म्हणायचे. माझा फोन चालू असताना मध्येच म्हणायचे, "थांब व, बाईचा फोन येऊ रायला," आणि खुशाल माझा फोन ठेवून द्यायचे. मी एकदा रुसून म्हणाले, "नाना, तुम्हाला लेकीपेक्षा ती बाई जवळची." तर म्हणाले, "ते पाणी देते मले. तू काय देते?" वर स्वतःच हसले. मी दोन दिवस फोन केला नाही. आता वाटतं, त्या दोन दिवसांत निदान चार वेळा करायला हवा होता.

नाना एका दुपारी जेवून उठता उठता गेले. तेराव्यानंतर भाऊंनी त्यांचा फोन माझ्या हातात ठेवला. भाऊ म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, माझे काका. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं म्हणून मीही म्हणते. शेत आता तेच बघतात. पेटीत पाच नंबर बसतात, आणि कोणी एक दाबेपर्यंत बाई त्यांना आळीपाळीनं दोन-तीनदा फोन लावते. भाऊंनी आपला नंबर दुसरा म्हणून घातला. पहिला, मालकाचा, नानांचाच राहिला. त्या दिवसांत त्याला हात लावायचं कोणाच्या मनात आलं नाही.

तो फोन मी धुळ्याला आणला आणि माझ्या टेबलाच्या खणात चार्जिंगला लावून ठेवला. मी घरूनच काम करते, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग चालू असताना खणात तो वाजायला लागला. मी दचकले. उचलला तर बाई. सावद्याला लाईट आली होती.

तेव्हापासून रोजचं झालं. शेतीची लाईट दिवसा असायची त्या, दिवसपाळीच्या आठवड्यात बहुतेक दहाच्या सुमाराला ती यायची. मीटिंगमध्ये कोणी विचारलं तर मी सांगायचे, "माहेरचा फोन आहे, एक मिनिट." ते खोटंही नव्हतं. मला माहेरून फोन करणारं आता तेवढंच एक उरलं होतं. ती तीच दोन वाक्यं बोलायची आणि मी ती पूर्ण ऐकायचे. ऐकताना मला विहिरीजवळचा ओला वास यायचा, ठिबकच्या नळ्यांत हवा शिरून होणारी फुसफूस ऐकू यायची. केळीच्या दाट ओळींतून येणारी नानांची हाक तर इतकी स्पष्ट यायची, की मी "ओ" देता देता राहायचे. मला नानांची फार आठवण यायची. याहून वेगळ्या शब्दांत ते सांगता येणार नाही, आणि मी प्रयत्नही करणार नाही.

एक दिवस मी एक दाबला.

बाई म्हणाली, मोटर चालू झाली आहे. मी खुर्चीत ताठ बसले. धुळ्यात, वरच्या खोलीत, दीडशे किलोमीटरवरून मी नानांच्या केळीला पाणी दिलं होतं. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. सासूबाई म्हणाल्या, "आज बठ्ठं ताट साफ! काय खुशखबर शे?" मी म्हणाले, काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबला, मग रोजच दाबू लागले.

दिवाळीला सावद्याला गेले तेव्हा भाऊ जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "नाना अजून मोटर चालू करू रायले. मी दाबायच्या आधीच पाणी चालू!" सगळे हसले. जेवण झाल्यावर ओसरीत मी त्यांना खरं सांगितलं. मला वाटलं चिडतील. भाऊ फक्त म्हणाले, "हाओ का? असू दे." पण मला स्वतःची लाज वाटली. चाळिशी ओलांडलेली बाई, नोकरी करते, आणि एका रेकॉर्ड केलेल्या आवाजाशी खेळत बसते. शिवाय शेतात काय चाललंय ते मला इथून दिसत नव्हतं. कोण कुठे हात घालून बसलंय हे न बघता बटण दाबणं किती वाईट, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मी ठरवलं, हे थांबवायचं. भाऊंनी विचारलं, "मंग पेटीतून नंबर काढून टाकू का? चल, आताच जाऊ शेतात." मी नको म्हणाले. आज या घटकेला माझा हा नकार मला शब्द न शब्द आठवतो. मी म्हणाले, "राहू द्या भाऊ. मी फोनच बंद करते. फोनच नसला तर पेटीतल्या नंबरानं काय होणार आहे?"

हे कोण बोललं? दोन ओळी खालीवर झाल्या म्हणून मीटिंगमध्ये आरडाओरडा करणारी बाई बोलली. त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच होतं, की पेटी उघडून पहिल्या जागेवरून नानांचा नंबर पुसणं मला जमणार नाही. बघवणारही नाही. फोनचं रिचार्ज संपून तो आपोआप बंद पडला, तर त्यात कोणी काही केलं असं होत नाही. एवढ्यासाठी मी काढायच्या गोष्टी उलट्या क्रमानं काढल्या, आणि त्यातल्या अर्ध्या काढल्याच नाहीत.

रिचार्ज संपलं. काही दिवस बाईचे फोन येत राहिले, मग फोन मुका झाला. खणातून आवाज येईना. पहिला महिना वाईट गेला. दहा वाजले की माझं लक्ष खणाकडे जायचं. मीटिंगमध्ये कोणी प्रश्न विचारला की मी "हं?" म्हणायचे. सासूबाईंनी एकदा वर येऊन विचारलं, "तुना माहेरना फोन येत नही का आते?" मी म्हणाले, "नाही." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि खाली गेल्या. मग हळूहळू सवय झाली. सवय होते, हेही मला आवडलं नाही.

मधे बरेच महिने गेले. एका सकाळी, अकराच्या पुढे, भाऊंचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता, जरा दम लागल्यासारखा.

"तू दाबलं का व आज?" त्यांनी विचारलं.

"काय दाबलं?"

"मोटर. आता, थोड्या वेळापूर्वी."

मी म्हणाले, "नाही भाऊ. तो फोन तर केव्हाच बंद झाला."

मग ते हळूहळू सांगायला लागले. विहिरीवरच्या पाईपाचा जोड गळत होता. लाईट नव्हती, म्हणून ते जोड उकलून बसले होते. लाईट आली तेव्हा बाईचा फोन त्यांच्या खिशात वाजला. त्यांनी उचलला नाही, म्हणजे आमच्या पद्धतीनं मोटर बंद. आणि मोटर चालू झाली. जोड सुटून पाईप उसळला आणि त्यांच्या मनगटावर बसला. "बोटं वाचली. थोडी सूज हाये," असं ते म्हणाले. सूज थोडी नव्हती, ते मला नंतर कळलं.

"पण मोटर चालू केली कोणी?" मी म्हणाले.

"मले वाटलं तूच. चार महिने झाले, माझ्या आधीच चालू होऊ रायली ना."

"चार महिने? मग मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"काहाले सांगायचं? मले वाटलं, तुले बरं वाटत असीन."

चार महिने त्या माणसाला वाटत होतं की त्यांची पुतणी धुळ्यात बसून पुन्हा मोटर चालवू लागली आहे, आणि आपण विचारलं तर ती ओशाळेल. म्हणून ते रोज गप्प राहिले. माझं मन जपायला म्हणून विहिरीच्या काठावर ते एका परक्या हाताच्या भरवशावर बसत होते.

फोन ठेवला आणि मला सगळं एकदम लख्ख कळलं. बंद पडलेला नंबर मोबाईलवाले ठेवून देत नाहीत. काही महिन्यांनी तो दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकतात. पेटीला ते कुठून माहीत असणार? तिला कोणी रीसेट केलं नव्हतं. ती मालकाच्या जुन्या पत्त्यावर रोज निरोप टाकत होती, आणि तो पत्ता आता कोणा दुसऱ्याचा होता. माझ्या तीन आठवड्यांच्या त्या दोषाची ही हुबेहूब नक्कल होती. फरक इतकाच, की इथे मेमरीऐवजी भाऊंचा हात होता.

माझ्या फोनमध्ये तो नंबर अजून "नाना" या नावानं होता. खोडायचा कधी धीर झाला नव्हता. मी नावावर बोट ठेवलं. रिंग गेली. दोन, तीन. मला माहीत होतं, पलीकडे कोण नाही ते. तरी मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"हॅलो, कोन?" एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

"तुम्ही कोण बोलताय?"

"आता फोन तुम्हीच लावला ना, ताई?"

माझी सगळी भीती रागात गेली. मी विचारलं, "तुम्हाला रोज एका बाईचा फोन येतो का? मोटरीचा?"

"हाओ, येते ना!" त्यांना आनंदच झाला. "तुमची का ते बाई?"

"आणि तुम्ही एक दाबता?"

"ते म्हणते दाबा, मंग मी दाबतो."

"अहो, पण तुमची मोटर आहे का ती? कोणाची मोटर, कुठली विहीर, काही माहीत नाही आणि खुशाल दाबता?"

ते सांगू लागले. नशिराबादचे होते. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या लेकानं त्यांना हे नवीन कार्ड घेऊन दिलं होतं. शेत होतं, ते रस्ता रुंद झाला त्यात गेलं. मोटर, विहीर, सगळंच गेलं. आता ते घरी असतात. "सकाळी काहीच काम नसते," ते म्हणाले. "तं बाईचा फोन आला का मी एक दाबतो. कोनाची तरी केळी असीन नाहीतर कपाशी असीन. त्याले पाणी मिळू रायलं, तं काय वाईट हाये?"

त्यांना खडसवायचं म्हणून मी जे जे ठरवलं होतं ते सगळं विरून गेलं. या माणसाला मी काय बोलणार होते? हे सगळं मीही केलं होतं, आणि मला तर माहीत होतं विहिरीवर कोण असतं ते. मी आवाज खाली आणून, त्यांना आबा म्हणत, भाऊंच्या हाताचं सांगितलं. पलीकडून "अरे देवा" एवढंच आलं. मग पुन्हा पुन्हा विचारत राहिले, हाड मोडलं का, दवाखान्यात नेलं का. शेवटी म्हणाले, "नाही दाबणार ताई. आईची शपथ." आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "पन उचलला तं चालीन ना? नुसता ऐकाले?"

मी "बघते" म्हणाले. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एसटीनं निघाले. जळगाव सोडून गाडी नशिराबादवरून गेली तेव्हा मी खिडकीतून बघत राहिले. मोठा रुंद रस्ता होता. त्याच्याखाली कुठेतरी त्यांची विहीर असणार. मी उतरले नाही.

भाऊंचं मनगट पट्टीत होतं. हाड चिरलं होतं. मी त्यांच्याकडे बघून रडायला लागले तर म्हणाले, "जित्ता हाये ना मी? चल, आधी शेतात चल."

शेतात मी सगळं माझ्या पद्धतीनं केलं. आधी मेन स्विच खाली ओढला. मग फ्यूज काढून भाऊंच्या खिशात ठेवले. भाऊ म्हणाले, "एवढं काहाले? आता तं लाईटही नही." मी म्हणाले, "लाईट नसली तरी पेटीत बॅटरी असते, भाऊ. ती जागीच असते." पेटीचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला नानांनी रंगाच्या ब्रशनं आपला नंबर लिहून ठेवला होता, जाड आणि वाकडा. मी त्याच्याकडे न बघता आतलं काळं बटण शोधलं. ते दहा सेकंद दाबून धरायचं, मग पेटी सगळं विसरते.

मी बोट ठेवलं आणि दाबलं. भाऊ मोठ्यानं आकडे मोजायला लागले. सातवर माझा हात सुटला. पुन्हा दाबलं, पुन्हा सुटला. "मी दाबू का?" भाऊंनी विचारलं. मी नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी डोळे मिटून धरलं. आतला हिरवा दिवा लुकलुकत राहिला, मग गेला. भाऊ म्हणाले, "झालं." मी म्हणाले, "थांबा." माझ्या फोनवरून पेटीला फोन लावला. ती म्हणाली, हा नंबर नोंदलेला नाही. भाऊंच्या फोनवरून लावला. त्यांनाही ओळखलं नाही. आता ती कोणालाच ओळखत नव्हती. मग मी पहिल्या जागेवर भाऊंचा नंबर घातला. दुसरी, तिसरी, सगळ्या जागा मोकळ्या ठेवल्या. फ्यूज बसवले, स्विच वर केला, आणि आम्ही दोघं लाईटची वाट बघत बांधावर बसलो. भाऊंनी मला तेवढ्यात दोनदा विचारलं, तुझा नंबर घालू का. मी दोनदा नको म्हणाले, आणि दोन्ही वेळा मला हो म्हणायचं होतं.

लाईट आली. भाऊंचा फोन वाजला. त्यांनी आजूबाजूला बघितलं, विहिरीकडे कोणी नाही ना याची खात्री केली, डाव्या हातानं अवघडून एक दाबलं. मोटर घरघरली. केळीच्या ओळींत नळ्या फुसफुसायला लागल्या. मला वाटलं होतं, या क्षणी बरं वाटेल. अजिबात बरं वाटलं नाही. माझ्या हातात आता त्या शेताचं काहीही नव्हतं.

पाचेक मिनिटं गेली असतील. माझा फोन वाजला. मी बघितलं तर स्क्रीनवर नाव होतं, नाना.

मला माहीत होतं, कोण आहे. एक क्षणही माझी फसगत झाली नाही. तरी मी तो उचलला नाही. दोन वर्षांत ते नाव माझ्या फोनवर असं आलं नव्हतं, आणि यापुढे किती वेळा येईल कोणास ठाऊक. मी त्याच्याकडे बघत राहिले. भाऊंनी वाकून स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं. रिंग संपत आली तेव्हा उचलला.

"ताई, आज बाईचा फोन नही आला," नशिराबादचे आबा म्हणाले. "लाईट नही का तुमच्याकडे?"

"लाईट आहे, आबा," मी म्हणाले. "पण आता तुम्हाला तिचा फोन येणार नाही. मीच ते बंद केलं."

ते म्हणाले, "बरं केलं. तुमच्या काकाचा हात कसा हाये?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं आता ठेवतील, पण त्यांनी ठेवला नाही. जरा वेळानं चाचरत विचारलं, "आन् केळी कशी हाये?"

मी बांधावरून उठले, पहिल्या ओळीत शिरले, आणि केळी कशी आहे ते त्यांना सांगायला लागले.